प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : पीटर शोर आणि क्वांटम कॉम्प्युटरचं गणित

प्रश्न : क्वांटम कॉम्प्युटरचा विषय निघाला की पीटर शोर हे नाव येतंच. ते भौतिकशास्त्रज्ञ आहेत का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, ते गणिती आहेत. जन्म १४ ऑगस्ट १९५९, न्यूयॉर्क. १९७७ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये ते अमेरिकेच्या संघात होते आणि त्यांना रौप्यपदक मिळालं. १९८१ मध्ये कॅलटेकची गणितातली पदवी, १९८५ मध्ये एमआयटीची पीएचडी. प्रबंधात क्वांटमचं नावही नाही. लहानमोठ्या वस्तू कमीत कमी डब्यांत बसवण्याच्या रीती सरासरीनं किती चांगल्या ठरतात, हा त्याचा विषय. बर्कलीत एक वर्ष काढून १९८६ मध्ये ते बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गेले. तिथे संगणकशास्त्रज्ञ उमेश वझिरानी यांचं क्वांटम गणनेवर व्याख्यान झालं, त्यातून त्यांचं लक्ष या विषयाकडे वळलं. मग डॅनियल सायमन यांचा एक अल्गोरिदम, म्हणजे गणनेची पायऱ्यापायऱ्यांची रीत, त्यांच्या पाहण्यात आला. फंक्शनमध्ये दडलेलं आवर्तन, म्हणजे किती पायऱ्यांनी तेच आकडे पुन्हा येतात ते, क्वांटम कॉम्प्युटर झटपट शोधू शकतो, हे त्यातून दिसत होतं. पूर्णांकांच्या गणितातलं असंच आवर्तन शोर यांनी हेरलं आणि १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची रीत मांडली. १९९८ मध्ये त्यांना संगणनाच्या गणितासाठीचा नेवानलिना पुरस्कार मिळाला. २००३ पासून ते एमआयटीत प्राध्यापक आहेत.

प्रश्न : क्वांटम कॉम्प्युटर ‘सगळी उत्तरं एकदम तपासतो’ म्हणून अवयव लवकर सापडतात, असं वाचलं. हे बरोबर आहे का? (निवृत्त गणित शिक्षक, सातारा)

उत्तर : नाही. हा गैरसमज फार पसरला आहे, म्हणून २१ ही छोटी संख्या घेऊन सगळी रीत करून दाखवतो.

२१ शी सामाईक अवयव नसलेली एक संख्या निवडायची, समजा २. तिचे घात काढत जायचं आणि दर वेळी २१ नं भागून बाकी लिहायची : २, ४, ८, १६, ११, १. सहाव्या पायरीला १ आला, पुढे तेच आकडे पुन्हा येणार. म्हणजे आवर्तन ६. त्याचं निम्मं ३, आणि तिसऱ्या पायरीची बाकी ८. आता ८ मधून १ वजा करा आणि ८ मध्ये १ मिळवा : ७ आणि ९. या दोघांचा २१ शी मसावि काढला की ७ आणि ३ मिळतात. झाले अवयव.

इथपर्यंत क्वांटम काहीच नाही. अडचण एकच : शेकडो अंकी संख्येचं आवर्तनही प्रचंड मोठं असतं आणि पायऱ्या मोजत बसणं साध्या कॉम्प्युटरला अशक्य होतं. क्वांटम यंत्राकडे फक्त हे आवर्तन शोधण्याचं काम असतं.

आवर्तन नेमकं ओळखता यावं म्हणून निदान २१ च्या वर्गाइतके घातांक घेतात. हा वर्ग ४४१. त्याच्या पुढचा २ चा घात ५१२, म्हणून पहिल्या रजिस्टरला (आकडा साठवण्याच्या जागेला) ९ क्युबिट, म्हणजे ० आणि १ या दोन्ही स्थिती एकत्र धरू शकणारे क्वांटम बिट. बाकी साठवायला दुसऱ्या रजिस्टरला ५. पहिल्यात ० ते ५११ या सगळ्या घातांकांचं सुपरपोझिशन, म्हणजे एकत्रित स्थिती, तयार करायचं आणि दुसऱ्यात त्यांच्या बाक्या. इथेच मोजमाप केलं तर कुठलातरी एक घातांक आणि त्याची बाकी हाती येईल, म्हणजे काहीच साधणार नाही. म्हणून आधी पहिल्या रजिस्टरवर क्वांटम फूरिये रूपांतर, म्हणजे दडलेलं आवर्तन वर आणणारी गणिती क्रिया, करतात. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतात आणि ५१२ भागिले ६ च्या पटींजवळचे आकडे वर येतात : ०, ८५, १७१, २५६, ३४१, ४२७.

समजा मोजमापात ८५ आला. ८५/५१२ च्या सगळ्यात जवळचा, पण २१ पेक्षा लहान छेदाचा अपूर्णांक शोधायचा. कंटिन्यूड फ्रॅक्शनच्या (अपूर्णांकात अपूर्णांक मांडत जाण्याच्या) रीतीनं तो १/६ येतो. छेद ६, हेच आवर्तन. ४२७ आला तर ५/६, तेही चालतं. पण १७१ किंवा ३४१ आला तर छेद ३ येतो आणि २५६ आला तर २, कारण अपूर्णांक संक्षिप्त होऊन बसतो. ० आला तर ती फेरी वाया. यंत्रानं दिलेला छेद म्हणूनच तपासून घ्यावा लागतो : २ चा तिसरा घात ८, बाकी १ नाही, तेव्हा ३ हे आवर्तन नव्हे. एका फेरीत ३ आणि दुसरीत २ मिळाला, तर लसावि ६ घेऊन काम भागतं.

सुरुवातीची संख्याही दगा देऊ शकते. २ ऐवजी ४ घेतला तर बाक्या ४, १६, १. आवर्तन ३, विषम, त्याचं निम्मं करता येत नाही. ५ घेतला तर आवर्तन ६ येतं, पण तिसऱ्या पायरीची बाकी २० असते. २० मध्ये १ मिळवला की २१, मसावि २१ च. वजा केला की १९, मसावि १. अवयव नाहीत. अशा वेळी दुसरी संख्या घ्यायची. दोन वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांच्या गुणाकारासाठी निदान निम्म्या संख्या यशस्वी ठरतात, हे सिद्ध झालेलं आहे.

प्रश्न : शोर यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आमच्या मते नाही. १९९५ चं त्रुटी सुधारणेचं काम त्याहून मोठं आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

१९९४ नंतर जाणकारांचा आक्षेप असा होता की हे यंत्र कागदावरच राहील. क्युबिट बाहेरच्या किंचित धक्क्यानं बिघडतो. साध्या बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. अज्ञात क्युबिटची प्रत काढणं मात्र भौतिकीच्या नियमानुसार अशक्य आहे, आणि तपासायला मोजमाप करावं तर माहितीच नष्ट होते.

शोर यांनी प्रत काढलीच नाही. एका क्युबिटची माहिती त्यांनी नऊ क्युबिटांत मिळून पसरवली, तीन-तीनच्या तीन गटांत. मग फक्त तुलना करायची. प्रत्येक गटात शेजारचे दोन क्युबिट सारखे आहेत की वेगळे, अशा सहा तपासण्या. गटागटांची अधिक-उणे चिन्हं जुळतात का, अशा दोन. या आठ उत्तरांतून बिघाड कुठे आणि कोणता ते कळतं, साठवलेली माहिती मात्र कळत नाही, म्हणून ती शाबूत राहते. क्युबिट अगदी थोडा ढळला असेल, तर ही तपासणीच त्याला ‘बिघाड नाही’ किंवा ‘पूर्ण बिघाड’ यांपैकी एका बाजूला आणते, आणि पूर्ण बिघाड दुरुस्त करता येतो.

मर्यादा उघड आहे : एकाच गटातले दोन क्युबिट उलटले तर बहुमत चुकीच्या बाजूला जातं. शिवाय तपासणारी यंत्रणाही चुका करते. त्यावरची पद्धत शोर यांनी १९९६ मध्ये दिली. आज या क्षेत्रातल्या अनेक प्रयोगशाळा त्रुटी सुधारणेच्या मागे आहेत, त्याची सुरुवात या दोन निबंधांतून झाली.

प्रश्न : मग बँकेतले पैसे सुरक्षित आहेत का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : आज तरी या यंत्रांपासून धोका नाही. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं कठीण असतं, यावरच आरएसए ही मजकूर गुप्त ठेवण्याची पद्धत उभी आहे. २०४८ बिटांचं आरएसए फोडायला २०१९ च्या अंदाजानुसार २ कोटी क्युबिट आणि ८ तास लागणार होते. २०२५ च्या नव्या अंदाजात तो आकडा १० लाखांच्या आत आला, वेळ आठवड्याच्या आत. सध्याची यंत्रं यापासून खूप दूर आहेत. पण अंदाज घसरतो आहे, हे लक्षात घ्यायला हवं. शोर यांच्या रीतीला दाद न देणाऱ्या पद्धतींची मानकं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली आहेत. तुम्ही मोबाइल, ब्राउझर आणि बँकेचं ॲप अपडेट ठेवा. खरी घाई आहे ती वीस-तीस वर्षं गुप्त ठेवायचा मजकूर असणाऱ्या संस्थांना, कारण तो आज साठवून पुढे उघडता येईल.

प्रश्न : मी अकरावीत आहे. या विषयात जायचं तर आत्ता काय शिकू? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : आधी गणित. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि बाक्यांचं अंकगणित एवढं पक्कं झालं की वरचा अल्गोरिदम पूर्ण समजतो; पुंजभौतिकी नंतर शिकता येते. पदवीसाठी आयसर पुणे, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेश परीक्षा पाहा. पायथॉन येत असेल तर आयबीएमचं किस्किट हे मोफत साधन वापरा. २१ साठी लागणारे १४ क्युबिट साध्या लॅपटॉपवर आरामात चालतात. ३० क्युबिटांना मात्र १६ जीबी मेमरी लागते आणि पुढच्या प्रत्येक क्युबिटला ती दुप्पट होते.

पण पहिलं उदाहरण वहीत सोडवा. संख्या ३३ घ्या. २ घेतलात तर फसाल, कारण आवर्तन १० असलं तरी पाचव्या पायरीला बाकी ३२ येते. मग ५ घ्या. दहाव्या पायरीला १ येईल, पाचव्या पायरीची बाकी २३ असेल. २२ आणि २४ यांचे ३३ शी मसावि काढा.