अमेरिकेत छोट्या गावांचे उन्हाळी बेसबॉल संघ असतात म्हणे, कॉलेजच्या मुलांचे. पगार नसताना ती मुलं का खेळतात, आणि संघ चालवतं कोण?

मी बॉस्टनजवळ राहतो. उन्हाळ्यात एक-दोनदा तरी केप कॉडला चॅटमच्या मॅचला जाणं होतं, तेव्हा त्याच संघावरून सांगतो.

केप कॉड हे समुद्रात शिरलेलं भूशिर नकाशात कोपरात दुमडलेल्या हातासारखं दिसतं आणि चॅटम बरोबर कोपरावर आहे. बारमाही वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास. संघाचं नाव अँगलर्स, म्हणजे गळ टाकून मासे धरणारे. पूर्वी हा संघ अ‍ॅथलेटिक्स होता, लोक नुसतं ‘एज्’ म्हणायचे. मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, आपल्या संघांच्या नावांवरचा हक्क बजावायला सुरुवात केल्यावर २००९ च्या हंगामापासून नाव बदललं. गावाने नवं नावही ‘ए’वरूनच शोधलं, त्यामुळे जुनी आरोळी मोडीत निघाली नाही!

पगार घेऊन खेळलं तर कॉलेजकडून खेळायचा हक्क जातो, म्हणून पगार नाही. तरी देशभरातून मुलं इथे येतात, त्याचं मोठं कारण बॅट. कॉलेजात धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये फक्त लाकडी. धातूच्या बॅटवर मुठीजवळ लागलेला चेंडूही कधी कधी सुखरूप मैदानात जाऊन पडतो. लाकडी बॅट अशा वेळी हातात मोडून येते. चॅटम ज्यात खेळतो त्या केप कॉड लीगने १९८५ पासून पुन्हा लाकडी बॅट आणली आणि कोणाचा हात खरा ते स्काउट लोकांना, म्हणजे व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, इथे उघड दिसू लागलं. जाळीमागे स्पीडगन घेऊन बसलेले असतात ते. आवाजही वेगळा. कॉलेजच्या मॅचला ‘टण्ण’, इथे ‘ठक्क’.

लीग जुनी. १९२३ मध्ये चॅटम, फालमथ, हायनिस आणि ऑस्टरव्हिल अशा चार गावांनी ती सुरू केली, १९३९ मध्ये पैशांअभावी बंद पडली, युद्धानंतर पुन्हा उभी राहिली. फक्त कॉलेजच्या मुलांची झाली ती १९६३ पासून. आज दहा संघ आहेत. चॅटमकडून थर्मन मन्सन १९६७ मध्ये ०.४२० च्या सरासरीने खेळला (म्हणजे बॅटिंगच्या दर दहा संधींत चारेक यशस्वी फटके; ०.३०० म्हणजे उत्तम समजतात), पुढे न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा कर्णधार झाला. जेफ बॅगवेलही इथलाच, तो आता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत आहे.

आता चालवतं कोण, तर गावच. मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहतात. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्याची आठवण येते, फक्त इथे सातही वार एकाच घरी. एकदा शेजारी बसलेल्या आजीबाई कॅचरकडे (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याकडे) बोट दाखवून म्हणाल्या, “तो माझा. एका बैठकीत डझनभर अंडी खातो.” तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तिकीट नाही, खेळ चालू असताना स्वयंसेवक डबा फिरवतात, त्यात खुशीने टाकायचं. टी-शर्टचं दुकान आणि हॉट डॉगची खिडकीही स्वयंसेवकच सांभाळतात. सगळीकडे असं नसतं बरं का. मिडवेस्टातल्या नॉर्थवूड्स लीगमध्ये रीतसर तिकीट असतं आणि संघांना मालक असतात. मला चॅटमचं बरं वाटतं, पण मी पक्षपाती आहे.

यायचं असेल तर जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत या. उतारावर अंथरायला चादर आणा आणि जुलै असला तरी स्वेटर आणा. व्हेटरन्स फील्डवर, म्हणजे चॅटमच्या मैदानावर, समुद्रावरून धुकं येतं. मागच्या खेपेला आधी दिव्यांच्या खांबांची टोकं गेली, मग दूरवर उभा असलेला आउटफिल्डर गेला. उंच उडालेला चेंडू कुठे पडला ते त्यालाही कळलं नाही, आम्हालाही नाही. अंपायरने थोडा वेळ वाट पाहिली आणि मॅच थांबवली. चादर झटकून गाडीत बसलो, घरी पोचायला दोन तास.