कोकणातल्या बेटांवरच्या रोजच्या जगण्याचे जुने फोटो का मिळत नाहीत? घरात सापडलेल्या फोटोंतून काही कळू शकतं का?

तुमची तक्रार अशी की शोधूनही साध्या जगण्याचे फोटो सापडत नाहीत, आणि आजोळच्या पेटीत जे सापडले त्यांत सगळे नटूनथटून ओळीने उभे. माझंही आजोळ मालवण तालुक्यात, खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे लहानशा बेटावर. घरचे, शेजारपाजारचे फोटो जमवायचा नाद बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो.

बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला बेटांवर दगड दिसले, माणसं फारशी दिसली नाहीत. घारापुरी शोधून बघा. लेणी, त्रिमूर्ती, फार तर जेट्टी. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही तिथली तीन गावं मिळायला मारामार. समोर मुंबई झगमगत असताना या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती २०१८ साली. त्याआधीच्या तिथल्या संध्याकाळी कशा असत, याचा एखादा फोटो सापडला तर मलाही दाखवा. सिंधुदुर्गाचंही तेच. १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, त्याचे तट-बुरूज, शिवराजेश्वराचं देऊळ हे सगळं भरपूर. आत पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबं मात्र चौकटीबाहेर. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींचे फोटो मिळतात, पण त्यांतून कळशी ओढणारी बाई मिळत नाही.

घरचे फोटो काढले चाकरमान्यांनी, म्हणजे मुंबईत नोकरीला असलेल्या गावच्या माणसांनी. साठ-सत्तरच्या दशकांत अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा पुष्कळ घरांत होता. तुमच्या पेटीतले चौकोनी फोटो बहुधा तसल्याच कॅमेऱ्याचे असणार. एका रोळात बारा फोटो. बारातला एक कोण भात झोडणाऱ्या काकीवर खर्च करणार? रोळ धुवायला मुंबईला जायचा, प्रिंट बघायला मिळायची पुढच्या मे महिन्यात. त्यामुळे फोटो निघायचे ते लग्नाचे, जत्रेचे, गणपतीचे. माझी खात्री आहे की तुमच्या पेटीत जून-जुलैचा एकही फोटो नसेल. होड्या बंद, उजेड नाही आणि चाकरमानी मुंबईत. म्हणजे बेटावरचं सगळ्यात कठीण जगणं ज्या महिन्यांत होतं, ते महिनेच अल्बममध्ये नाहीत. हे लक्षात न घेता जुने फोटो बघून 'काय सुखाचे दिवस होते' म्हणणाऱ्यांचा मला जरा रागच येतो.

आता तुमच्या फोटोंकडे वळू. नटलेल्या माणसांच्या मागे आणि कडेला बघा. आमच्याकडे गणपतीतला एक फोटो आहे. पडवीत सगळे ताठ उभे, मामाच्या अंगात नवा शर्ट. उजव्या कडेला खुंटीवर एक इरलं, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन, त्याखाली कोयता अडकवायची आकडी आणि कोयता. डावीकडे जमिनीवर सुंभाचं, म्हणजे काथ्याच्या दोरीचं, वेटोळं अर्धं दिसतं, बाकीचं चौकटीने कापलंय. हा फोटो मी शेजारच्या म्हातारीला दाखवला तर तिने मामाकडे बघितलंही नाही. म्हणाली, "तां इरलां माझ्या आवशीचां." (ते इरलं माझ्या आईचं.) आणि मग सोडणं, म्हणजे नारळाची सालं, खाडीच्या चिखलात कशी कुजत घालायची, ती काढताना हाताला वास कसा दिवसचे दिवस राहायचा, सुंभ वळायला कोण कुणाच्या खळ्यात बसायचं, कोणाची सुंभ चांगली आणि कोणाची नुसती ढिली, हे सगळं बाहेर आलं. त्यात दोन जुनी भांडणंही आली, ती मी इथे लिहीत नाही.

पुरुषांना नावं विचारा, बायकांना वस्तू विचारा, हा माझा अनुभव. सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, तिसऱ्या-कालवं हे शिंपले काढायला कुठल्या वाटेने उतरायचं, पाणी कुठल्या विहिरीचं प्यायचं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

साल शोधायलाही मागचीच बाजू उपयोगी. छपरावर हाताने केलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, आहेत की मंगलोरी कौलं? वाळत टाकलेलं जाळं काळपट दिसतं का? पूर्वी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, म्हणून ती गडद. नायलॉन आल्यावर ती फिकी झाली. होडीला डोलकाठी आहे की इंजिन? विजेचा खांब दिसतो का, आणि गावात वीज कधी आली? एकेका खुणेवर विसंबू नका, गरिबाघरी नळे फार उशिरापर्यंत टिकले. तीन-चार खुणा एकत्र जुळल्या की दशक बऱ्यापैकी हाती लागतं.

फोटो जपायचे कसे तेही थोडक्यात सांगतो, कारण कोकणची हवा फोटोंची वैरीण आहे. चिकट पानांचे अल्बम वापरू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. सहाशे डीपीआयला स्कॅन करा, आणि कडा कापू नका. 'नीट दिसावं' म्हणून लोक नेमका तो इरल्याचा कोपरा कापून टाकतात. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आधी स्कॅन करा, ते लालसर होत चाललेले असतात. त्यांच्यापेक्षा जुने काळे-पांढरे फोटो जास्त दम धरतात. निगेटिव्ह सापडल्या तर प्रिंटच्या आधी त्या सांभाळा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्या खराब व्हायला लागल्यात, त्या वेगळ्या ठेवा आणि लगेच स्कॅन करून घ्या.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच, उजेड तिरका पडेल असा धरून, मोबाइलवर त्याचा फोटो काढा. आणि स्कॅन होईपर्यंत थांबू नका. मोबाइलवरचेच फोटो घेऊन या मे महिन्यात म्हाताऱ्या मंडळींकडे जा, रेकॉर्डर चालू ठेवा.