हात मोडला तरी चंदी थांबत नाही : घोडेवाल्याने कोणता विमा घ्यावा?

प्रश्न : माझं वय ३८. नागावच्या किनाऱ्यावर माझे तीन घोडे आणि एक बग्गी आहे. गेल्या मार्चअखेरीस नाल मारून घेताना घोड्याने लाथ झाडली, उजवं मनगट मोडलं आणि नऊ आठवडे घरी बसलो. ऐन मे महिना गेला. मेव्हण्याकडून ७० हजार घ्यावे लागले, ते आता फिटले. दिवाळी आणि ३१ डिसेंबरच्या गर्दीतून ९० हजार शिल्लक आहेत. एका घोड्यामागे दिवसाला अडीचशे रुपये खर्च, घरखर्च महिना २० हजार. ओळखीचे एक एजंट वर्षाला ४० हजार हप्त्याची, २० वर्षांची पॉलिसी सुचवतात. बचतही होईल आणि अपघाताचं संरक्षणही, असं म्हणतात. एक पर्यटक सांगत होता की इंग्लंडमध्ये घोड्यांवर काम करणाऱ्यांना काम बंद पडल्यावर पगारासारखे पैसे देणारा विमा असतो. तसा आपल्याकडे मिळतो का? की सरळ चौथी घोडी घ्यावी? घरी आई, बायको आणि दोन शाळकरी मुलं आहेत. गावच्या जत्रेत घोडागाडीच्या शर्यतीतही मी उतरतो.

उत्तर : एजंटच्या पॉलिसीला नाही म्हणा आणि घोडीही यंदा नको. थोडे पैसे अपघात विम्यात घाला, बाकीचे बँकेत राहू द्या. मात्र अपघात विमासुद्धा कागद न वाचता घेतलात तर वेळेला दगा देईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खर्चाचे आकडे दिलेत ते बरं केलंत. तीन घोड्यांची चंदी म्हणजे दाणा, कोंडा, गवत मिळून महिन्याला साडेबावीस हजार, त्यात घरचे वीस. म्हणजे तुम्ही खाटेवर असलात तरी आठवड्याला दहा हजारांच्या आसपास घरातून जाणारच. रिक्षावाला आजारी पडला तर रिक्षा दारात उभी राहते, निदान पेट्रोल तरी पीत नाही. तुमचं तसं नाही. आणि नुसतं खायला घालूनही भागत नाही; घोडा फिरवावा लागतो, खरारा करावा लागतो, त्यासाठी माणूस ठेवला की त्याची मजुरी वेगळी. विम्याने भरून काढायचा आहे तो हा आठवड्याचा खड्डा.

त्या खड्ड्यात एजंटची पॉलिसी किती पैसे टाकते? मोडलेल्या मनगटासाठी शून्य. अशा बचतीच्या पॉलिसीला जोडलेला अपघाताचा रायडर, म्हणजे जोडसंरक्षण, मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच कामाला येतो. प्लास्टरमध्ये गेलेल्या नऊ आठवड्यांशी त्याचा संबंध नसतो. बचत म्हणून पाहिलं तरी अशा पॉलिसींचा परतावा साधारण ५ ते ६ टक्क्यांच्या घरात राहतो, आणि पहिल्या काही वर्षांत सोडली तर भरलेल्यापेक्षा कमीच हातात येतं. तुमची कमाई ऑक्टोबर ते मे. हप्त्याची तारीख जुलै-ऑगस्टात आली तर भर पावसात ४० हजार कुठून आणणार? एजंट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारलं एक आणि त्यांनी दाखवलं दुसरं, एवढंच.

पर्यटकाने सांगितलं ते खरं आहे. ब्रिटनमध्ये ‘इन्कम प्रोटेक्शन’ नावाचा विमा मिळतो. अपघात असो की आजार, काम करता येत नसेल तर ठरलेले काही आठवडे थांबून मग उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापासून ७० टक्क्यांपर्यंत रक्कम दरमहा सुरू होते. थांबण्याचा काळ जितका जास्त, तितका हप्ता कमी. घोड्यांचं काम धोक्याचं म्हणून ते करणाऱ्यांना तिथेही हप्ता चढा पडतो किंवा जास्तीच्या अटी लागतात. आपल्याकडे सामान्य माणसाला थेट विकत घेता येईल असा, आजारपणातही पगार चालू ठेवणारा विमा जवळजवळ नाहीच. त्यातल्या त्यात जवळची वस्तू म्हणजे वैयक्तिक अपघात विमा, आणि त्यातही ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हे कलम असलेला. हे कलम नसेल तर ती पॉलिसी तुमच्यासाठी अर्धीच समजा.

या कलमातली टक्केवारी नीट बघा. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत आठवड्याला विमा रकमेच्या १ टक्का मिळतो, १०० किंवा १०४ आठवड्यांपर्यंत. दहा लाखांची पॉलिसी असेल तर आठवड्याला दहा हजार, म्हणजे बरोबर तुमचा खड्डा. पण खाली बारीक अक्षरात आठवड्याला अमुक हजारांच्या वर नाही, अशी मर्यादा असू शकते. ती पाच हजार असेल तर टक्केवारी कितीही असो, हातात पाचच येणार. दुसरीकडे, विमा नियामकाने ठरवून दिलेली ‘सरल सुरक्षा बीमा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. तिच्यात हे कलम ऐच्छिक आहे आणि दर आठवड्याला ०.२ टक्के. दहा लाखांवर आठवड्याचे दोन हजार! दहा हजार हवे असतील तर विमा पन्नास लाखांचा घ्यावा लागेल, आणि तेवढं उत्पन्न कागदावर दाखवता आलं पाहिजे. म्हणून तुमच्यासाठी मी १ टक्कावाली, दहा ते पंधरा लाखांची पॉलिसी शोधेन. हप्ता कामाच्या धोक्यानुसार ठरतो, पण वर्षाला काही हजारांत भागेल; चाळीस हजारांच्या जवळपासही जाणार नाही.

उत्पन्नाचा पुरावा हा आपल्या किनाऱ्यावरचा नेहमीचा अडसर. आता खोगिराला क्यूआर कोड लटकलेला असतो, निम्मे पैसे खात्यात येतात, तर आयकर विवरणपत्र भरायला सुरुवात करा. कर लागणार नाही बहुधा, पण दाव्याच्या वेळी ‘तुमचं उत्पन्न किती’ या प्रश्नाला तोच कागद उत्तर देतो.

त्या क्यूआर कोडची दुसरी बाजूही आहे. ‘पूर्ण अपंगत्व’ याचा अर्थ पॉलिसीत बहुतेक वेळा ‘कोणतंही काम करता न येणं’ असा दिलेला असतो. हात गळ्यात बांधून तुम्ही किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलात, पोरगा घोडे फिरवतोय आणि पैसे तुमच्या खात्यात येताहेत, तर कंपनी म्हणेल की तुमचा धंदा चालू आहे. घेण्याआधी विचारा, लेखी विचारा : अक्षम म्हणजे स्वतःच्या कामाला अक्षम, की कोणत्याही कामाला? पहिलं मिळत असेल तर हप्ता थोडा जास्त पडला तरी तेच घ्या.

आणि हाडवैद्य. आपल्याकडे हात मोडला की आधी तिकडे पाय वळतात, मला माहीत आहे. विश्वास असेल तर नंतर जा, पण आधी एक्स-रे आणि नोंदणीकृत डॉक्टरचा कागद, त्यावर कुठल्या तारखेपासून काम बंद आणि कुठल्या तारखेला काम करायला तंदुरुस्त हे लिहिलेलं. कंपनीला लगेच कळवायचं, प्लास्टर निघेपर्यंत वाट बघायची नाही. गेल्या वर्षीच्या लाथेचे कागद तुमच्याकडे असोत वा नसोत, विम्याच्या प्रस्तावात, म्हणजे अर्जात, ती दुखापतही लिहा.

प्रस्तावात व्यवसायाच्या रकान्यात ‘पर्यटन’ किंवा ‘स्वतःचा धंदा’ असं मोघम लिहू नका, एजंट म्हणाला तरी. ‘घोडे पाळणे, समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावर व बग्गीतून फिरवणे’ असं स्पष्ट लिहा. अपघात विम्यात व्यवसायांचे धोक्यानुसार गट पाडलेले असतात. सगळ्यात धोक्याच्या गटात खाणकामगार आणि सर्कशीतल्या माणसांसोबत जॉकी येतात, घोड्यावरच्या शर्यती आणि पोलोही त्याच यादीत. तुम्ही जॉकी नाही, पण शर्यतीत उतरता हे तुम्हीच लिहिलंय. सर्वसाधारण पॉलिसीत शर्यतीतला अपघात वगळलेला असतो, तेव्हा जत्रेच्या त्या दिवशी तुम्ही विम्याशिवाय आहात असं धरून चाला. दारू प्यायलेल्या अवस्थेतल्या अपघाताचंही तसंच. शर्यत सोडा असं सांगायला मी तुमचा थोरला भाऊ नाही, पण उतरायचं की नाही हे ठरवताना हे आठवा.

कायमच्या अंशतः अपंगत्वाचा तक्ताही वाचून ठेवा. नेहमीच्या तक्त्यात पूर्ण अंगठा गेला तर विमा रकमेच्या २५ टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १० टक्के. दोर हाताला गुंडाळून घोडा धरणारे मी किनाऱ्यावर रोज बघतो. घोडा बुजून उधळला की त्या वेढ्यात बोट राहतं.

या विम्याबाहेर काय राहतं तेही सांगतो. पावसाळ्यातला लेप्टोचा ताप, वर्षानुवर्षं खोगीर उचलून धरलेली कंबर, यांना अपघात म्हणत नाहीत. जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं काही येऊन पर्यटकच थांबले, तर तेही नाही. मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तशी पाळी आली तर कोणताच अपघात विमा धावून येणार नाही. शिवाय आठवड्याचे पैसे बऱ्याचदा तुम्ही बरे झाल्यावर, कागद तपासून, एकरकमी येतात. तोवर घोडे उपाशी ठेवणार का?

म्हणून ९० हजारांतले साधारण ८० हजार वेगळ्या बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. ते तुमचे आठ आठवडे आहेत. पावसाळ्याच्या नेहमीच्या खर्चाला त्यात हात लावू नका. त्याची तजवीज मेअखेरपर्यंत वेगळी व्हायला हवी.

उरलेल्या दहा हजारांत अपघात विम्याबरोबर बँकेतल्या दोन सरकारी योजना बसतात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत : अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास एक लाख. प्लास्टरच्या आठवड्यांचं यातही काही मिळत नाही. जीवन ज्योती ४३६ रुपयांत, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, तेव्हा मेअखेरीस खात्यात पैसे असू द्या. दोन मुलं लहान आहेत म्हणजे दोन लाख अपुरेच आहेत. विवरणपत्रं तयार झाली की साधी मुदत विमा पॉलिसी घ्या, परताव्याविना असलेली. दवाखान्याच्या बिलासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण बुडालेली कमाई ती भरून देत नाही.

घोड्यांचा विमा हा वेगळा विषय. पशुविमा घोड्यांनाही मिळतो, पशुवैद्याचा दाखला आणि घोड्याची ओळख पटवणारी नोंद लागते. बग्गीचा घोडा पोटशूळाने गेला तर धंदाच बसतो, तेव्हा निदान त्या एकाचा तरी करा.

एक गोष्ट मात्र एकट्याने करण्यासारखी नाही. नागाव, अलिबाग, काशीद मिळून घोडेवाल्यांची नोंदणीकृत संघटना असेल तर गट अपघात विम्याची चौकशी करा. केवळ विम्यासाठी गट बनवता येत नाही, आधीपासूनची संघटना लागते. गटात हप्ता कमी पडतो, आणि ‘आम्ही सगळे घोडेवाले’ हे आधीच माहीत असल्याने व्यवसायावरून नंतर वाद कमी होतात. तुमचे घोडे फिरवणाऱ्या पोरांनाही त्यात घ्या. लाथ मालकालाच बसते असं नाही.

घोडीचं म्हणाल तर आज घेतलीत तरी मेपर्यंत चारच महिने कमावेल आणि जूनपासून चौथं तोंड दिवसाला अडीचशे रुपये खाईल. पुढच्या दिवाळीनंतर ते ८० हजार जसेच्या तसे असतील आणि वर घोडीचे पैसे जमले असतील, तर खुशाल घ्या. ती आल्यावर आठवड्याचा खड्डा पावणेदोन हजारांनी वाढेल, तेवढी विमा रक्कम नूतनीकरणाच्या वेळी वाढवून घ्या.