आवाजावरून विमान ओळखणारी मुलगी

"मॅडम, आता तुम्हीच हिला समजवा." खुर्चीवर टेकायच्या आतच आई म्हणाली.

निफाड तालुक्यातलं द्राक्षबागायतदारांचं कुटुंब. आई, वडील आणि अकरावी सायन्सला असलेली मुलगी. मुलीला हवाई दलात जायचं होतं, तेही फायटर पायलट म्हणून. त्यावरून घरात चार महिने धुसफूस आणि शेवटचे दोन आठवडे मायलेकींचा अबोला. (नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहिण्याआधी तिघांनाही विचारलं आहे.)

ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक आता वाढले आहेत. 'मुलीच्या डोक्यात लढाऊ विमानाचं खूळ शिरलंय, ते काढायचं कसं?' असा साधारण प्रश्न असतो. आमच्या नाशिक जिल्ह्यात तर तो येणारच. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा) कारखाना मिग-21 बांधण्यासाठी 1964 मध्ये उभा राहिला, पुढे सुखोई तिथे तयार झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. इथली पोरं पाळण्यात असल्यापासून ती गडगड ऐकत मोठी होतात.

वडील कमी बोलणारे. पण मुलीबद्दल एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. "ही बागेत विरळणी करत असते. मान वर करत नाही, आणि म्हणते, पप्पा, सुखोई आलं. आम्ही आभाळात शोधत बसतो. दिसायच्या आधी ही आवाजावरून ओळखते." सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी ते वहीत लिहून ठेवलं. त्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा लागला.

तिघांशी मी वेगवेगळी बोलले. आधी आईशी.

ताईंकडे हरकतींची यादीच होती. पहिली, बाईच्या शरीराला ते झेपत नाही. मी म्हटलं, ताई, झेपणं कुणालाच सोपं नसतं. विमान वेगात वळतं तेव्हा अंगावर वजन येतं. नऊ जीच्या, म्हणजे नऊपट वजनाच्या, वळणाला पन्नास किलोचं माणूस साडेचार क्विंटलचं होतं. रक्त डोक्याकडून पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे करडा पडदा येतो. त्यासाठी मांड्या आणि पोट आवळणारा सूट असतो, स्नायू आवळून श्वास धरायची पद्धत शिकवतात, आणि पुरुष वैमानिकालाही ती शिकावीच लागते. ते वजन सोसण्याच्या ताकदीत बाई-पुरुष असा मोठा फरक तपासण्यांत सापडलेला नाही.

दुसरी हरकत त्यांनी खाली बघत, हळू आवाजात सांगितली. पिशवीला धक्का बसेल, पुढे मूल होणार नाही. हे मी जवळजवळ प्रत्येक आईकडून ऐकते आणि त्यावर मी कधीच हसत नाही, कारण विचारायला त्यांना दुसरी जागा नसते. पाळी आली म्हणून वैमानिक बाई कामातून बाद होत नाही. दिवस राहिले की तिला लढाऊ विमानातून उतरवून जमिनीवरचं काम देतात, बाळंतपणाची रजा असते. खरा धोका आहे तो संकटात आसनासह विमानातून बाहेर फेकलं जाण्यात. त्या झटक्याने मणका दुखावू शकतो. तोही बाई-पुरुष बघत नाही.

तिसरी हरकत लग्नाची. एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, प्रशिक्षण पुरं होईपर्यंत लग्न करताच येत नाही, मुलांनाही नाही. तिथली तीन वर्षं आणि पुढचं हैदराबादजवळच्या दुंडिगलचं प्रशिक्षण धरलं तर मुलगी बाविशी-तेविशीची होऊन अधिकारी होते. "मग काय उशीर झाला?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "नाही, तसा नाही."

आणि हे काही आता कुणी पहिल्यांदा करत नाहीये. 18 जून 2016 ला दुंडिगलला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ शाखेत अधिकारी झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये अवनीने जामनगरहून मिग-21 एकटीने उडवलं. जानेवारी 2023 मध्ये ती सुखोईसह जपानला हवाई सरावासाठी गेली. मुलींना लढाऊ शाखेत घ्यायची ही योजना सुरुवातीला प्रायोगिक होती, 2022 मध्ये ती कायम झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं आणि 30 मे 2025 ला तिथून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ताईंना मी आपल्या प्रतिभाताई पाटलांचीही आठवण दिली. राष्ट्रपती असताना, 2009 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईत बसून आल्या होत्या. ताई म्हणाल्या, "त्या बसल्या होत्या मॅडम. चालवलं नव्हतं." खरं होतं त्यांचं.

म्हणजे प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालं, आणि त्यांचा चेहरा मात्र होता तसाच. असं झालं की मी थांबते. जी गोष्ट खरी सलते आहे ती अजून बाहेर आलेली नसते.

मग त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. 4 जून 2024 चा व्हिडिओ. त्या दिवशी लोकसभेचा निकाल लागत होता, सगळे टीव्हीपुढे होते, आणि दुपारी निफाड तालुक्यात शिरसगावजवळ सुखोई शेतात कोसळलं. काळा धूर, लोकांचा पळापळीचा आवाज. ताईंच्या अंगठ्याला तो व्हिडिओ नेमका कुठे आहे ते शोधावं लागलं नाही. दीड वर्ष जपून ठेवलेला.

"दोघं पायलट वाचले," मी म्हटलं.

"माहितेय मॅडम. पण ते वाचले हे त्यांच्या आयांना किती वाजता कळलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही. आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो. नंतर विचारलं, "हे तुम्ही मुलीला कधी बोललात?"

"नाही. तिला म्हटलं, बाईमाणसाचं काम नाही ते."

मला या लेखात सांगायचं ते एवढंच आहे. आईची भीती खरी होती, मानाची होती. पण ती भीती म्हणून बाहेर आलीच नाही. 'बाईचं शरीर', 'लोक काय म्हणतील', 'लग्न' अशा नियमांचे कपडे घालून आली. भीतीशी मुलगी बोलू शकली असती, जवळ घेऊ शकली असती. नियमांशी ती भांडलीच. आणि रोज भांडावं लागलं की मूल घरात वकील होतं. वकील आपल्या बाजूचा कच्चा दुवा कधीच सांगत नाही.

हे मी आत्ता इतक्या खात्रीने लिहिते आहे, कारण त्यानंतर जे कळलं त्याने मी हादरले होते.

मुलगी चुणचुणीत. हातांच्या बोटांवर द्राक्षाच्या चिकाचे काळे डाग, एका बोटाला कात्री लागून घट्टा पडलेला. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने एकेक काढून टाकायचे, उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. मी सहज विचारलं, एका घडात किती मणी ठेवतेस? तर हात हवेत धरून तिने मला घडाच्या पाकळ्या, म्हणजे बाजूचे छोटे फाटे, कशा राखायच्या ते दाखवलं. रोज पहाटे पळते, पाच किलोमीटर. तिला सगळं पाठ होतं. उंची 162.5 सेंटीमीटर लागते, तिची 164 होती. एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत पाच दिवस चालते. उड्डाणासाठीची संगणकावरची चाचणी जन्मात एकदाच देता येते, नापास झालं की पुन्हा नाही.

जागांचं मी तिला स्पष्ट सांगितलं. 2025 च्या एनडीएच्या जाहिरातीत हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या 92 जागा होत्या आणि त्यातल्या मुलींसाठी 2. अख्ख्या देशातून 2. "माहितेय," ती म्हणाली, "पण कुणीतरी दोघी असणारच ना." तिचं हे बोलणं मला फार आवडलं.

मग वेळ बघायला म्हणून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. डोळे बारीक केले, मान किंचित पुढे काढली आणि शेवटी मोबाइलवर वेळ पाहिली.

माझं घड्याळ दहा फुटांवर आहे आणि आकडे चांगले मोठे आहेत.

"डोळे कधी तपासलेस?" ती काहीच बोलली नाही. मी पुन्हा विचारलं नाही, वाट पाहिली. नववीपासून फळा धूसर दिसतो, ती म्हणाली. पहिल्या बाकावर बसते. मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते. जवळचं सगळं लख्ख दिसतं, त्यामुळे बागेत कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. "घरी सांगितलं असतं तर आई लगेच म्हणाली असती, बघ, देवानेच नाही म्हटलं."

विमान दिसायच्या आधी ती आवाजावरून का ओळखायची, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

उड्डाण शाखेला लांबचं धूसर दिसणं चालत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. दोन वर्षं ती हे एकटीच घेऊन फिरत होती, पहाटे पळत होती, आईशी भांडत होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे कुणाला सांगायचं?

तपासणी करायचं तिनेच ठरवलं. घरी सांगायला मी सोबत बसावं एवढीच तिची मागणी होती. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस सव्वा निघाला, डाव्याचा मायनस एक. एनडीएतून फायटर पायलट व्हायचा रस्ता तिथे संपला.

निकाल ऐकल्यावर ताई सुटकेचा श्वास टाकतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या. "मला हवं होतं तेच झालं मॅडम, आणि मला काही बरं वाटत नाहीये." मग माझ्यासमोरच मुलीला शिरसगावच्या धुराबद्दल बोलल्या, पहिल्यांदा. मुलगी म्हणाली, "आई, मला वाटायचं तुला माझी लाज वाटते." वडील उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

पुढचं एकदम सुरळीत झालं असं नाही. मुलगी दोन महिने चिडलेली होती, पळणं बंद केलं होतं. पदवीनंतर ॲफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून हवाई दलात जाता येतं आणि विशी ओलांडल्यावर केलेलं लेसर ऑपरेशन तिथे काही अटींवर चालतं, हे तिने स्वतः शोधून आणलं. मी तिला आशा दिली नाही आणि तोडलीही नाही. त्या वर्षीची जाहिरात ओळ न् ओळ वाच, म्हटलं. जमिनीवरची तांत्रिक शाखा आहे, चष्म्याला सवलत असलेल्या सैन्याच्या इतर वाटा आहेत. सध्या ती गणिताला जास्त वेळ देते आहे. बाकी काही ठरलेलं नाही, आणि अकरावीत ते ठरायलाच हवं असंही नाही.

ज्या घरांत हा विषय आता निघाला आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तयारी करून घेणाऱ्या खासगी अकादमीची फी भरण्याआधी आणि वाद घालण्याआधीही मुलीला नेत्रतज्ज्ञाकडे न्या, उंची मोजा. सोबत जा. 'नापास झालीस तर बरंच' असा चेहरा करून जाऊ नका. आपल्या नाशिकलाच 2023 पासून मुलींकडून एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे, तिथे जाऊन त्या मुलींना भेटा. आणि रात्री झोप लागत नसेल तर मुलीला तेच सांगा, की मला झोप लागत नाही.

फेब्रुवारीत ताईंचा फोन आला. माल काढणीला आला होता, मागे क्रेटचा आवाज येत होता. चष्मा घेतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी दोघी बागेत होत्या, म्हणाल्या, आणि सुखोई आलं. मुलीने कात्री खाली ठेवली, वर पाहिलं आणि ओरडली, "आई, शेपट्या दिसतात! दोन्ही वेगळ्या दिसतात!"

"मग मीपण वर बघितलं," ताई म्हणाल्या. "पार चांदवडच्या डोंगरापल्याड जाईपर्यंत बघितलं."