कार्बन पकडणारी ‘स्वच्छ कोळसा’ वीज परवडेल का?

तंत्र चालतं, पण विजेसाठी परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (त्या वायूला धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात शोषतात, मग तो सोडवायला द्रावण वाफेनं तापवतात. ही वाफ टर्बाइनच्या तोंडची! साधारण पाचवा हिस्सा वीज त्यातच जाते, म्हणजे तेवढ्याच विजेला जास्त कोळसा. कॅनडातलं बाउंडरी डॅम हे कोळशाचं वीजकेंद्र २०१४ पासून कार्बन पकडतंय, हे खरं. पण अमेरिकेत केम्परच्या ‘स्वच्छ कोळसा’ वीज प्रकल्पावर सुमारे साडेसात अब्ज डॉलर ओतले आणि २०१७ मध्ये कोळसा सोडून नैसर्गिक वायूच धरला.

आम्ही इंदूरकर वापरतो ती वीज बरीचशी कोळशाचीच. सिंगाजी केंद्र तर इथून जवळ, खंडवा जिल्ह्यात. आपल्याच राज्यात विंध्याचलच्या कोळसा वीजकेंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा संच बसला. चांगली सुरुवात आहे, पण ५०० मेगावॉटचं एकच युनिट पूर्ण भारावर दिवसाला १० हजार टनांच्या आसपास सोडतं. सिमेंटसाठी हे तंत्र जरूर वाढवावं, कारण चुनखडी भाजताना तो वायू निघणारच. विजेचं तसं नाही, ती कोळशाशिवायही स्वस्तात बनते. रीव्याच्या सौर प्रकल्पाला २०१७ च्या लिलावातच पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे दर मिळाला होता.