लॅम्ब्डावर छोटे वेब कॉम्पोनंट होस्ट केले तर चालतील का?

चालतील की भावा (वेब कॉम्पोनंट म्हणजे कुठल्याही पानात बसवता येणारा छोटा तुकडा, आणि लॅम्ब्डा म्हणजे मागणी आली की तेवढ्यापुरता आपला कोड, म्हणजे फंक्शन, चालवणारी ॲमेझॉनची सेवा), पण सगळंच फंक्शनमध्ये कोंबू नको. तुझं काम मला कळलं ते असं, की गुळाचा आजचा भाव दाखवणारा डबा आणि ऑर्डरचं बटण, हे मार्केट यार्डातल्या पाच-सहा व्यापाऱ्यांच्या साईटवर एका स्क्रिप्ट टॅगनं लागलं पाहिजे, आणि सर्व्हर सांभाळायची कटकट नको. बरोबर ना?

मग बघ, कॉम्पोनंटची जावास्क्रिप्ट फाईल दर वेळी तीच असते, ती द्यायला फंक्शन कशाला उठवायचं? फाईल एस-थ्रीवर (ॲमेझॉनची फाईल साठवायची सेवा) टाक, पुढं क्लाउडफ्रंट (फाईलच्या प्रती जवळच्या सर्व्हरवर ठेवून पटकन देणारी सेवा) लाव, झालं. लॅम्ब्डाचं एक एन्व्हायर्नमेंट (फंक्शन चालायची जागा) एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतं, त्यामुळं सौदे झाले की सगळे एकदम भाव बघायला आले तर तेवढी नवी एन्व्हायर्नमेंट उभी राहणार, प्रत्येकाला कोल्ड स्टार्ट (नव्यानं उठायला लागणारा उशीर), आणि तोवर फोनवर डब्याची जागा पांढरी फट्ट. महिन्याला १० लाख रिक्वेस्ट फुकट असतात हे खरं, पण फुकट आहे म्हणून उधळायचं काय कारण.

फंक्शन फक्त भावासाठी ठेव. रिजन (सर्व्हरचं ठिकाण) मुंबईचा घे, फंक्शन यूआरएल (फंक्शनचा थेट वेब पत्ता) चालू कर, मधे एपीआय गेटवे ही वेगळी सेवा लावायची गरज नाही. भाव काय मिनिटा-मिनिटाला बदलत नाही, त्यामुळं तेही क्लाउडफ्रंटमागं ठेवून मॅक्स-एज ३०० दिलंस (म्हणजे तीच प्रत ३०० सेकंद चालवायची) तरी पुरे.

खरी गंमत कॅशमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रतीत आहे. व्यापाऱ्याच्या साईटमध्ये एकदा टॅग टाकला की तो परत कोण बदलतोय, त्याची साईट बनवणारा पोरगा तोवर पुण्याला गेलेला असतो. म्हणून टॅगमध्ये एक चिमुकली लोडर फाईल दे, तिला पाच मिनिटांची कॅश, आणि ती लोडर व्हर्जन नंबर असलेली खरी फाईल ओढेल, त्या फाईलला वर्षभराची कॅश, म्हणजे मॅक्स-एज ३१५३६००० आणि इम्युटेबल (ही फाईल बदलणार नाही, असं ब्राउझरला सांगणं). नवीन व्हर्जन काढलं की फक्त लोडर बदलायची.

स्क्रिप्ट टॅगमध्ये टाइप मॉड्युल (जावास्क्रिप्ट लोड करायची नवी पद्धत) वापरणार असशील तर दुसऱ्या डोमेनवरून फाईल यायला कॉर्सचा हेडर (दुसऱ्या साईटला परवानगी आहे असं सांगणारी, उत्तरासोबत जाणारी ओळ) लागतोच. फंक्शनला कॉर्स यूआरएलच्या सेटिंगमध्ये दे नाहीतर कोडमध्ये दे, दोन्हीकडं दिलास तर हेडर डबल जातो आणि ब्राउझर नाकारतो, हे शोधण्यात लय वेळ जातो.

कुणीतरी एकाच पानावर टॅग दोनदा चिकटवणारच, तेव्हा कस्टम एलिमेंट (आपण बनवलेला नवा टॅग) डिफाईन करायच्या आधी ते नाव अगोदरच आहे का बघ, नाहीतर एरर. शॅडो डॉम (पानाच्या सजावटीपासून डबा वेगळा ठेवायची सोय) वापर, त्या साईटींची सीएसएस, म्हणजे सजावटीचे नियम, भयानक असतात. आणि भाव आलाच नाही तर डबा मोकळा सोडू नको, कालचा भाव तारखेसकट दाखव.