छाटलं की फूट येते

"मॅडम, छाटलं की फूट येते. मग ह्या गाठीचं रक्त तोडल्यावर ती चवताळायची नाही कशावरून?"

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या पत्नीने मिरजेत माझ्यासमोर बसून हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकांना हिपॅटायटिस बीची जुनी लागण, त्यातून सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रण पडून निबर होणं, आणि आता यकृतात कॅन्सरची गाठ. ऑपरेशन झेपणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी 'टेस' (TACE) सुचवली होती. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गाठीच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची, तिथे केमोचं औषध सोडायचं आणि बारीक कणांनी ती वाट बुजवायची. काका सहीला तयार होते. मावशींनी संमतीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला होता.

गाठीला हात लावला की ती पसरते, ही भीती माझ्याकडे सतत येते. 'घाबरू नका' असं मी कुणालाच म्हणत नाही. त्याने माणूस गप्प होतो, भीती तशीच राहते. आणि मावशींच्या प्रश्नात तथ्य होतं.

"बागेला पाणी कुठनं घेता?"

"म्हैसाळचं येतं तवा ते. न्हाईतर बोअर."

यकृतालाही असं दोन ठिकाणचं पाणी असतं. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून येतं, उरलेलं धमनीतून. ही गाठ मात्र जवळजवळ सगळी धमनीवर पोसलेली असते. तिची तेवढी फांदी बुजवली की प्राणवायू आणि साखर तुटते, सोडलेलं औषध लगेच वाहून न जाता तिथंच मुरतं आणि पेशी मरू लागतात. बाकीचं यकृत शिरेच्या रक्तावर तगतं. म्हणून ती शीर मोकळी आहे ना, हे डॉक्टर आधी बघतात. मुख्य शीरच बंद असेल तर हा उपाय बहुधा टाळतात. काकांची मोकळी होती.

"बरं. आणि फूट?" मावशी विसरल्या नव्हत्या.

फूट येऊ शकते, असं मी सरळ सांगितलं. रक्त तुटलं तरी कडेच्या काही पेशी जगतात. प्राणवायू कमी पडलेली पेशी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेणारी प्रथिनं सोडते, 'व्हीईजीएफ' हे त्यातलं मुख्य. त्यामुळे एकदा वाट बुजवून काम संपत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांनी सीटी किंवा एमआरआय करतात, ते ही फूट शोधायलाच. आणि हात न लावलेली गाठ तरी कुठे गप्प बसते? तिने स्वतःला वाहिन्या आधीच करून घेतल्यात, त्याच तर बुजवायच्या होत्या. या उपचाराने गाठ कायमची जाईल असं मी म्हणाले नाही. बार्सिलोना आणि हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत निवडक रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलेलं दिसलं होतं, तेवढंच सांगितलं.

मावशी बराच वेळ काकांच्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला.

टेस झाल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री मुलाचा फोन आला. ताप, पोटात दुखतंय, मळमळ. "पसरलं का ओ, मॅडम?" मरणाऱ्या पेशींमुळे असा ताप येतो आणि बहुतेकदा आठवड्याभरात उतरतो. हे मी आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, याची मला अजून रुखरुख आहे. आता प्रत्येकाला आधीच सांगते. सोबत हेही सांगते की थंडी वाजून जोराचा ताप आला, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं किंवा माणूस गुंगीत गेला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. त्या रात्रीही हे सगळं विचारून घेतलं आणि मुलाला डॉक्टरांशी बोलायला लावलं. काकांचा ताप पाचव्या दिवशी उतरला.

पाच आठवड्यांनी सीटी झाला. गाठीचा बराचसा भाग मेला होता. एका कडेला मात्र सीटीचं औषध अजून झिरपत होतं, म्हणजे तिथे रक्त पोचत होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा मावशी पुढे वाकल्या, बोटाने ती कड दाखवत म्हणाल्या, "ही फूट राहिली." मग माझ्याकडे वळून विचारलं, "दुसऱ्या डावाची तारीख ऑक्टोबर छाटणीच्या आधी मिळंल का? एकदा छाटणी सुरू झाली की हे बागेतनं हलत न्हाईत."